भाड्याचें घर आणि भाडेकऱ्याचे हक्क

घर स्वतःच्या मालकीचें असो वा भाड्याचें असो, दिवसभर खपून सायंकाळीं परतणाऱ्या माणसाला तें सारखेंच हवेंसें वाटतें. त्याची चूल तेथें पेटते, मुलांचा अभ्यास तेथें होतो, आजाऱ्याचें अंथरूण तेथें पडतें. मालकी कोणाची हें मिळकतीच्या उताऱ्यावर लिहिलेलें असतें. परंतु संसार ज्याचा त्याचाच असतो. म्हणूनच भाड्याच्या घरांतून माणसाला उठविण्याचा प्रश्न हा केवळ पैशाचा व्यवहार राहत नाहीं. त्यांत न्यायाचा आणि माणुसकीचाहि प्रश्न येतो. कायद्यानें ही गोष्ट फार पूर्वींच जाणली. परंतु ज्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला, त्यांच्यापैकीं पुष्कळांना तो ठाऊक नसतो, आणि या अज्ञानावरच छळणाऱ्याचें बळ उभें असतें.

सातारा आणि सांगली हीं दोन शहरें या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसलेल्या साताऱ्यांत वारांच्या नांवांच्या पेठा आहेत. शनिवार, सोमवार, मंगळवार, गुरुवार अशा पेठांतून जुने वाडे अजून उभे आहेत आणि त्यांच्या चौकांभोंवतीं, माड्यांवर, ओसरीलगतच्या खोल्यांतून कित्येक बिऱ्हाडें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. कृष्णाकांठच्या सांगलींत गांवभाग व खणभाग येथें तसाच प्रकार दिसतो. गणपति पेठ, हरभट रस्ता, मारुति रस्ता या बाजारभागांत भाड्याचीं दुकानें आहेत. आणि विश्रामबागेच्या बाजूस महाविद्यालयांमुळें विद्यार्थ्यांना व नोकरदारांना खोल्या देण्याचा मोठा रिवाज आहे. जुन्या बिऱ्हाडांचें भाडें अल्प राहिलें आणि जागेची किंमत मात्र चढत गेली. जागा रिकामी झाली तर तेथें नवी इमारत उठेल, असा विचार मालकाच्या मनांत येतो; जागा सुटली तर या गांवांत पुन्हां बिऱ्हाड मांडणें जमणार नाहीं, ही धास्ती भाडेकऱ्याच्या मनांत असते. या ओढाताणींत ज्याला न्यायालयाची वाट लांबची वाटते, तो आडवाटेनें जाऊं लागतो. त्या आडवाटेचें नांव छळ.

भाडेनियंत्रणाच्या कायद्याचा इतिहास थोडक्यांत ध्यानीं घेतला पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं मुंबईंत घरांची टंचाई झाली तेव्हां १९१८ सालीं भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानें तीच टंचाई पुन्हां आणली. अखेर १९४७ सालीं मुंबई इलाख्याचा भाडेनियंत्रण कायदा संमत झाला व तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजीं अमलांत आला. पुढच्याच महिन्यांत सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण साताऱ्याचें मुख्य ठाणें सांगली झालें. आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याला सांगली हेंच नांव मिळालें. १९४७ च्या कायद्यानें बहुतेक जुन्या घरांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या आंकड्याला बांधून टाकिलें होतें. टंचाईच्या काळीं ती तरतूद योग्य होती. परंतु अर्धें शतक उलटल्यावर त्या भाड्यांत वाड्याचीं कौलें शाकारणेंहि मालकाला जड जाऊं लागलें. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, भाडें असें गोठवून ठेवणें आतां वाजवी राहिलेलें नाहीं, असें मत स्पष्टपणें दिलें. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. यांत मालकाला दरसाल शेंकडा ४ प्रमाणें भाडें वाढविण्याचा अधिकार मिळाला आणि भाडेकऱ्याचें संरक्षणहि कायम राहिलें. बँका, सरकारी मंडळें आणि एक कोटि रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेलें भांडवल असणाऱ्या कंपन्या यांना हें संरक्षण नाहीं. सामान्य गृहस्थाला आणि किरकोळ दुकानदाराला तें आहे. मालकाच्या गाऱ्हाण्यांत तथ्य नाहीं असें कोणीहि म्हणूं नये. परंतु गाऱ्हाणें खरें असलें तरी तें मांडण्याची जागा न्यायालय आहे, भाडेकऱ्याच्या नळाची तोटी नव्हे.

छळ एकदम उघड स्वरूपांत येत नाहीं. आधीं भाड्याची पावती मिळेनाशी होते. पुढें भाडेंच घेतलें जात नाहीं. “राहूं द्या, पुढच्या महिन्यांत पाहूं,” असें गोड बोलून सहा महिने जातात आणि मग एके दिवशीं थकबाकीची नोटीस येते. त्यानंतर जिन्यावरचा दिवा जातो, चौकांतील नळाला पाणी येत नाहींसें होतें, संडासाचें दार बंद होतें, माडीवरचीं फुटकीं कौलें पावसाळ्यापूर्वीं बदललीं जात नाहींत. शेवटीं कोणी अनोळखी माणसें चौकांत येऊन बसूं लागतात. यांतील प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर क्षुल्लक वाटते. एकत्र पाहिली तर त्यांतील हेतु लपत नाहीं. कायद्यानें या प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलेलें आहे.

समजा, साताऱ्याच्या एखाद्या पेठेंत जुन्या वाड्याच्या माडीवर एक विधवा बाई राहते. शिवणकाम करून ती दोन मुलांना शिकविते. पावत्या नवऱ्याच्या नांवाच्या आहेत आणि नवरा वारला आहे. वाड्याचा नवा मालक तिला सांगतो, “बाई, भाडेकरू तुमचे यजमान होते. तुमचा आमचा कांहीं करार नाहीं. महिनाअखेर जागा सोडा.” ही बाई घाबरते, कारण कागदावर तिचें नांव नाहीं हें तिला दिसतें. परंतु कायद्याची भाडेकऱ्याची व्याख्या इतकी आखूड नाहीं. राहत्या घराचा भाडेकरू मरण पावला तर मृत्यूच्या वेळीं त्याच्याबरोबर राहणारें त्याच्या कुटुंबांतील माणूस भाडेकरू ठरतें. वाडा विकला गेला म्हणून भाडेकऱ्याचा हक्क विकला जात नाहीं. नव्या मालकाला वाडा बिऱ्हाडांसकटच मिळतो. तेव्हां या बाईनें पहिली गोष्ट करावयाची ती ही कीं, घाबरून जागा सोडावयाची नाहीं, आणि वाचल्याशिवाय कोणत्याहि कागदावर सही करावयाची नाहीं.

दुसरी गोष्ट नोटिशीची. नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. वकिलाच्या छापील कागदावर, कडक शब्दांत आलेली नोटीस ही केवळ मालकाची मागणी असते. जागा खालीं करविण्याचा अधिकार एकट्या न्यायालयाला आहे. कायद्याचें मूळ तत्त्वच असें आहे कीं, जो भाडेकरू कायदेशीर भाडें व मंजूर वाढ देत आहे किंवा देण्यास तयार आहे, आणि भाडेकरारांतील कायद्याला धरून असलेल्या इतर अटी पाळीत आहे, त्याच्याकडून मालकाला साधारणतः ताबा मागतां येत नाहीं. भाडें थकलें असेल तरीहि मालकाला लगेच दावा लावतां येत नाहीं; लेखी मागणीची नोटीस पोचल्यानंतर ९० दिवस थांबावें लागतें. त्या अवधींत बाकी चुकती केली तर प्रश्न तेथेंच मिटतो. दावा लागल्यावरहि, समन्स लागल्यापासून ९० दिवसांच्या आंत सर्व थकबाकी, तीवर दरसाल शेंकडा १५ प्रमाणें सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भाडेकऱ्यानें न्यायालयांत भरला, व दावा चालेपर्यंत भाडें नियमानें भरीत राहिला, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध हुकूमनामा होत नाहीं. एवढी सवलत असतांहि पुष्कळ भाडेकरू ती गमावतात; कारण नोटीस घ्यायचीच नाहीं, समन्सावर सही करायचीच नाहीं, म्हणजे बला टळेल, अशी त्यांची समजूत असते. बला टळत नाहीं. नाकारलेली नोटीस बहुधा पोचल्यासारखीच धरली जाते आणि ९० दिवस मात्र फुकट जातात.

तिसरी गोष्ट भाड्याची व पावतीची. मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. न देणें हा दंडनीय अपराध आहे. मालक भाडें घेत नसेल तर भाडेकऱ्यानें गप्प बसूं नये. प्रत्येक महिन्याचें भाडें टपालानें किंवा बँकेमार्फत पाठवावें, आणि तें नाकारलें गेल्यास परत आलेला कागद जपून ठेवावा. “मी देत होतों, पण ते घेत नव्हते,” असें न्यायालयांत सांगणारे शेकडों असतात. परत आलेली मनिऑर्डर दाखविणारा एखादाच असतो, आणि त्याचेंच म्हणणें टिकतें. आपल्या बाईनेंहि नवऱ्याच्या निधनाची तारीख कळवून, पावती आपल्या नांवें करावी असा लेखी अर्ज द्यावा आणि भाडें दर महिन्याला पाठवीत राहावें.

चौथी गोष्ट पाणी, वीज आणि संडास यांची. १९९९ च्या अधिनियमाच्या २९ व्या कलमानें, सबळ कारणावांचून भाडेकऱ्याला मिळत असलेली आवश्यक सोय तोडण्यास वा अडविण्यास मालकाला मनाई केली आहे. पाणी, वीज, जिन्यांवरील व बोळांतील दिवे, उद्वाहन आणि सफाईची व्यवस्था या सर्वांचा त्यांत समावेश होतो. मालकानें स्वतः तोटी बंद केली नाहीं, पाणीपट्टी मुद्दाम थकविली व त्यामुळें नगरपालिकेनें जोडणी तोडली, तरीहि तो मालकाचाच दोष धरला जातो. भाडेकऱ्यानें न्यायालयांत अर्ज केला असतां न्यायालय अंतरिम हुकूम देऊन, अमुक तारखेच्या आंत सोय पूर्ववत् करा, असें मालकाला फर्मावूं शकतें. न केल्यास रोजच्या हिशोबानें दंड बसतो, आणि हा अपराध शाबीत झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेचीहि शिक्षा आहे. विजेच्या बाबतींत आणखी एक वाट आहे. २००३ च्या विद्युत् अधिनियमाप्रमाणें वीजजोडणी मागण्याचा अधिकार जागेच्या मालकाला आहे तसा तेथें राहणाऱ्यालाहि आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं एका निकालांत हें स्पष्ट केलें कीं, वीज ही जीवनाची मूलभूत गरज आहे आणि मालकानें ना-हरकत पत्र दिलें नाहीं एवढ्यावरून भाडेकऱ्याला ती नाकारतां येत नाहीं. अर्जदार त्या जागेंत राहतो कीं नाहीं, इतकेंच वीज पुरविणाऱ्यानें पाहावयाचें.

पांचवी गोष्ट दुरुस्तीची. घर राहण्याजोगें सुस्थितींत ठेवणें ही मालकाची जबाबदारी आहे. माडी गळत असेल तर भाडेकऱ्यानें मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तेवढ्यानें काम झालें नाहीं तर भाडेकऱ्यानें स्वतः दुरुस्ती करून तिचा खर्च भाड्यांतून वजा करावा. मात्र ही वजावट त्या वर्षाच्या एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असतां कामा नये. नोटिशीची प्रत, गवंड्याचें बिल आणि दुरुस्तीपूर्वींचें छायाचित्र हे तीन कागद यासाठीं जवळ असले पाहिजेत. उलटपक्षीं, जागा पाहण्याचा मालकाला हक्क आहे हेंहि भाडेकऱ्यानें विसरूं नये. पूर्वसूचना देऊन, योग्य वेळीं तो येऊं शकतो. रात्रीं-अपरात्रीं चार माणसें घेऊन दार ठोठावणें याला मात्र पाहणी म्हणत नाहींत.

मालकाला जागा परत मिळण्याचीं न्याय्य कारणेंहि कायद्यानें मोजून दिलेलीं आहेत, आणि तीं भाडेकऱ्यानें जाणून घेणें त्याच्या हिताचें आहे. परवानगीवांचून कायमचें बांधकाम करणें, जागेची नासधूस करणें, शेजाऱ्यांना उपद्रव देणें, बेकायदा धंदा चालविणें, पोटभाडेकरू घालणें, किंवा ज्या कामासाठीं जागा घेतली त्या कामासाठीं ती सबळ कारणाशिवाय सतत सहा महिने न वापरणें, हीं भाडेकऱ्याच्या दोषाचीं कारणें होत. मुलगा पुण्यास नोकरीवर गेला, आईहि त्याच्याकडे गेली, आणि साताऱ्यांतील खोलीला वर्षभर कुलूप राहिलें, तर तो हक्क स्वतःच्याच हातांनीं ढिला केल्यासारखा होतो. याशिवाय मालकाला स्वतःसाठीं खरीखुरी व वाजवी गरज असेल तर तोहि दावा लावूं शकतो. परंतु तेथें न्यायालय दोन्हीं बाजूंचे हाल तोलून पाहतें. जागा दिली नाहीं तर मालकाची अडचण अधिक, कीं जागा घेतली तर भाडेकऱ्याची अधिक, याचा विचार झाल्यावरच निकाल होतो; कित्येकदां जागेचा कांहीं भागच परत देण्याचा हुकूम होतो. आणि स्वतःच्या गरजेसाठीं म्हणून घेतलेली जागा मालकानें एका महिन्याच्या आंत वापरास घेतली नाहीं, किंवा एका वर्षाच्या आंत दुसऱ्याला भाड्यानें दिली, तर ती मूळ भाडेकऱ्याला परत देण्याचा हुकूम न्यायालय करूं शकतें. खोट्या गरजेचें सोंग घेणाऱ्याला हा मोठा धाक आहे.

साताऱ्याच्या पावसांत आणि सांगलीच्या पुरांत एका प्रश्नाला विशेष धार येते, तो म्हणजे धोकादायक वाड्यांचा. २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें. मातीच्या व भेंड्यांच्या जुन्या भिंती पाण्यांत भिजल्या कीं खचतात, आणि अशा घरांत राहणें जिवाशीं खेळ होतो. धोकादायक बांधकाम रिकामें करून पाडण्याचा हुकूम देण्याचा अधिकार साताऱ्यांत नगरपालिकेला आणि सांगलींत महानगरपालिकेला आहे. तो जनतेच्या रक्षणासाठीं आहे, आणि वाडा खरोखरच कोसळण्याच्या बेतांत असेल तर हट्टानें तेथें राहणें हें शहाणपणाचें नव्हे. परंतु हाच अधिकार कधीं कधीं मालकाच्या हातचें हत्यार होतो. दुरुस्ती वर्षानुवर्षें करावयाची नाहीं, वाडा मुद्दाम खचूं द्यावयाचा, मग स्वतःच अर्ज करून तो धोकादायक ठरवून घ्यावयाचा, आणि दावा न लावतां बिऱ्हाडें रस्त्यावर आणावयाचीं, असा हा डाव असतो.

या डावावर उत्तर देणारा महत्त्वाचा निकाल सांगलीच्याच एका दाव्यांत झाला, ही गोष्ट या भागांतील प्रत्येक भाडेकऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. महानगरपालिकेनें धोकादायक म्हणून पाडलेल्या एका इमारतींत एक व्यापारी पेढी भाडेकरू होती. इमारतच उरली नाहीं, तेव्हां भाडेकरूपणहि संपलें, असें मालकपक्षाचें म्हणणें होतें, आणि पूर्वींचा एक निकालहि त्या म्हणण्याला पोषक होता. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ सालीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो जुना निकाल बाजूस सारून असें ठरविलें कीं, भाडेकऱ्याचा हक्क केवळ विटामातीवर नसतो, तो इमारतीखालच्या जमिनीवरहि असतो. म्हणून इमारत पडली वा पाडली गेली एवढ्यानेंच भाडेकरूपण नष्ट होत नाहीं. इमारत निरुपयोगी झाल्यावर करार मोडावा कीं ठेवावा, हें निवडण्याचा हक्क भाडेकऱ्याचा आहे, मालकाचा नव्हे.

तेव्हां अशी नोटीस आली असतां काय करावें? पहिलें, वाड्याची तपासणी जाणत्या स्थापत्य-अभियंत्याकडून करून घ्यावी आणि दुरुस्तीनें भागण्यासारखें आहे कीं नाहीं याचा लेखी अभिप्राय मिळवावा. दुसरें, भागण्यासारखें असेल तर तो अभिप्राय जोडून नगरपालिकेकडे लेखी हरकत नोंदवावी व दिवाणी न्यायालयांत दाद मागावी. तिसरें, भागण्यासारखें नसेल तर जीव वांचविण्यासाठीं अवश्य बाहेर पडावें. परंतु बाहेर पडण्यापूर्वीं प्रत्येक बिऱ्हाडाच्या जागेचें माप घेऊन, नकाशा काढून, साक्षीदारांच्या सह्यांनिशीं त्याची नोंद करावी, ती नगरपालिकेच्या दप्तरीं द्यावी, आणि आपण हक्क सोडून जात नसून केवळ धोक्यामुळें जात आहों, असें मालकाला लेखी कळवावें. उद्यां नवी इमारत उभी राहील तेव्हां आपली खोली किती होती, हें सांगणारा पुरावा हाच.

इतकें करूनहि कोणी दांडगाईनें सामान बाहेर फेकलें व खोलीला दुसरें कुलूप ठोकलें, तर वेळ दवडतां कामा नये. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या ६ व्या कलमाप्रमाणें, कायद्याची वाट सोडून ज्याला जागेबाहेर काढलें त्याला ताबा परत मिळविण्याचा दावा लावतां येतो. परंतु तो सहा महिन्यांच्या आंत लावला पाहिजे. या दाव्यांत मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाहीं. ताबा कोणाचा होता आणि तो बेकायदा हिसकावला कीं काय, इतकेंच पाहतात. एखाद्याला जागेंत राहण्याचा हक्क उरला नसला, तरी त्याचा स्थिर ताबा कायद्याच्या मार्गावांचून कोणालाहि काढून घेतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं सांगितलेलें आहे. घरांत बेकायदा घुसणें, धमकी देणें, वाट अडविणें, सामानाची नासधूस करणें हे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेखालीं अपराध आहेत. “हा तुमचा दिवाणी वाद आहे,” असें पोलीस ठाण्यावर ऐकूं आलें तर भाडेकऱ्यानें नम्रपणें पण ठामपणें सांगावें कीं, भाड्याचा वाद दिवाणी असेल, परंतु कुलूप फोडणें दिवाणी नाहीं. तक्रार लेखी द्यावी व तिच्या प्रतीवर पोच घ्यावी.

विश्रामबागेंतील विद्यार्थी अथवा पोवई नाक्याच्या परिसरांत खोली घेणारा नोकरदार यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचा करार बहुधा ठराविक महिन्यांच्या परवान्याचा असतो, भाडेपट्ट्याचा नव्हे. मुदत संपली कीं जागा सोडणें त्यांना भाग आहे. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घेऊं शकतो आणि राहिलेल्या काळासाठीं दुप्पट रक्कम मागूं शकतो. परंतु त्यालाहि प्राधिकाऱ्याकडेच जावें लागतें; परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्याच्या पेट्या जिन्यांत ठेवण्याचा अधिकार त्याला नाहीं. असा प्रत्येक करार लेखी व नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्यानें मालकावर टाकली आहे. नोंदलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें खरें धरलें जातें, जोंपर्यंत उलट सिद्ध होत नाहीं. अनामत रक्कम रोख दिली असेल तर तिची पावती त्याच दिवशीं मागावी. दोन वर्षांनीं मागितलेली पावती मिळत नसते.

दाद कोठें मागावी? मुंबईंत अशा दाव्यांसाठीं लघुवाद न्यायालय आहे. साताऱ्यास व सांगलीस हे दावे दिवाणी न्यायालयांत चालतात, आणि निकालावर ३० दिवसांच्या आंत जिल्हा न्यायालयांत अपील करतां येतें. वकिलाची फी परवडत नाहीं म्हणून हक्क सोडण्याचें कारण नाहीं. दोन्ही ठिकाणीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जाति व जमातींतील लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार, आणि पूर वा भूकंप यांसारख्या आपत्तीनें गांजलेले लोक यांना तेथें मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ठराविक उत्पन्नाच्या आंतील इतर कोणासहि तो आहे. माडीवरची ती शिवणकाम करणारी बाई स्त्री म्हणूनच या साहाय्यास पात्र आहे. सांगलींतील पूरग्रस्त भाडेकरू पूरग्रस्त म्हणून पात्र आहे. त्यांनीं कोणाची शिफारस शोधीत हिंडण्याची गरज नाहीं. साधा अर्ज पुरतो.

अखेरीस एक गोष्ट दोन्हीं पक्षांस सांगण्यासारखी आहे. जो भाडेकरू वाजवी वाढ देण्यास नाक मुरडतो, स्वतःचें घर दुसरीकडे बांधून जुनी खोली केवळ मोबदल्याच्या आशेनें अडवून ठेवतो, तो खऱ्या गरजू भाडेकऱ्याचा घात करतो. कारण त्याच्याकडे बोट दाखवूनच पुढें सगळ्यांवर रोष धरला जातो. आणि जो मालक पाणी तोडून जागा मिळवूं पाहतो, तो आपला न्याय्य दावाहि दुबळा करून घेतो. कारण स्वच्छ हातांनीं आलेल्याचें म्हणणें न्यायालय जितक्या विश्वासानें ऐकतें, तितकें इतरांचें ऐकत नाहीं. वाड्याच्या नव्या बांधणींत दोघांनींहि आपापला वाटा ठरवून, लेखी व नोंदलेला करार केला, तर पिढीजात वैर आणि पिढीजात दावा दोन्हीं टळतात.

तोंवर भाडेकऱ्यानें एक लहानशी पिशवी घरांत जपावी. तींत भाड्याच्या पावत्या, परत आलेल्या रकमांचे कागद, विजेचीं बिलें, शिधापत्रिका, मालकाशीं झालेला पत्रव्यवहार आणि जागेच्या मापाचा कागद असावा. पुराचें पाणी चढूं लागलें म्हणजे सांगलीचीं माणसें आधीं मुलें आणि मग दागिने बाहेर काढतात. त्या दागिन्यांबरोबर ही पिशवीहि निघाली पाहिजे.